पॉइंटच्या अलीकडे

मंगळवारी दुपारी कामावरच्या बाथरूममधून बाहेर येऊन मी हात धूत होते आणि साबणाचा फेस तसाच हातावर राहिला. काल आठवण झाली नव्हती. सबंध सोमवारात एकदाही नाही. सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत मी पाच-सहा वेळा तरी लघवीला गेले असणार, जगातली सगळी माणसं जातात तशी, दार लोटून, भलत्याच कशाचा तरी विचार करत, आणि तशीच बाहेर आले असणार. गोळ्याही दोन्ही वेळच्या घेतल्या होत्या, डबीतला सोमवारचा कप्पा रिकामा होता. म्हणजे हात आपोआप डबीकडे गेला, तोंड आपोआप उघडलं, आणि मी मात्र तिथे नव्हतेच. नळ चालूच होता. बाहेरून आमच्या दातांच्या लॅबमधला पॉलिशवाला म्हणाला, "बाई, आत तळं करताय का?" मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी टेबलाशी येऊन बसले. समोर मेणात बसवलेले खालचे सहा दात होते, कुणाचे तरी, आणि पुढचा तासभर मला त्यातला एकही सरळ लावता आला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने मला तिची एक किडनी दिली. त्याआधीची तीन वर्षं मी आठवड्यातून तीन दिवस मशीनशेजारी पडून काढली होती. पाणी मोजून प्यायचं, दिवसाला एक लहान बाटली. जीभ लाकडासारखी झाली की बर्फाचा तुकडा गालात धरायचा. आणि शेवटी शेवटी अंगातून आपणहून एक थेंबही बाहेर येईनासा झाला. हे कुणाला सांगता येत नाही. लोकांना थकवा कळतो, सुजलेले पाय कळतात; पण हे सांगायला लागलं की ऐकणारा खिडकीबाहेर बघायला लागतो. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीकडे बोट दाखवून नर्स म्हणाली, "बघा, दुकान उघडलं तुमचं." पिशवीत पिवळं पाणी जमत होतं. मी मान वाकडी करून ते बघत राहिले, मान अवघडली तरी बघत राहिले. तेव्हापासून दर वेळी, घरी, कामावर, परक्याच्या घरी, मी मनात एक शब्द म्हणत आले: ताई. पुढे मागे काही जोडायचं नाही. फक्त ताई. दार उघडायचं आणि बाहेर यायचं. कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणाला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि सोमवारी ते राहून गेलं होतं.

राहून गेलं तर काय बिघडलं, असं मी स्वतःला दिवसभर विचारत होते. बिघडलं काहीच नव्हतं. रिपोर्ट चांगले होते. पण वाटत होतं, कुणाचं तरी लहान मूल सांभाळायला घ्यावं आणि आपण त्याला बागेत विसरून घरी यावं, तसं. ताईंशी माझं आधी कधी जमलं नव्हतं. सव्वीस वर्षांतली पहिली चोवीस वर्षं आम्ही एकमेकींना सहन केलं. त्या माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नाही, शाळेत व्यायाम शिकवायच्या. मुलं त्यांना मागून शिट्टीबाई म्हणायची. घरात आल्या की पहिल्यांदा माझं स्वयंपाकघर लावायच्या. डबे उंचीप्रमाणे, चमचे एका दिशेला तोंड करून. मी त्या गेल्यावर सगळं परत विस्कटायची, आणि कधी कधी त्या असतानाच, मुद्दाम, आवाज करत. आमची भांडणं छोटी आणि चिवट असत. आणि मग त्यांनी किडनी दिली आणि माझं भांडणच गेलं. आता त्या येऊन डबे लावतात आणि मी म्हणते, छान दिसतंय. पडदे बदल म्हणाल्या, मी बदलले. त्यांच्या आवडीचा तो गडद हिरवा रंग मला सोसत नाही, पण दोन वर्षं मी त्या हिरव्या उजेडात चहा पिते आहे. ज्या बाईने आपल्या कुशीत चीर पाडून घेतली तिला पडद्यांबद्दल काय बोलणार? माझ्यात उपकाराची एक दबकी, गोड बोलणारी बाई राहायला आली होती आणि मला ती फारशी आवडत नव्हती.

संध्याकाळी मी ताईंना फोन केला. "रविवारी कुठेतरी जाऊ या का, आपण दोघी?"

पलीकडून, "रिपोर्ट बरे आहेत ना?"

"बरे आहेत. उगीचच. त्या राष्ट्रीय उद्यानात पॉइंट आहे म्हणतात, चालत जायचा. दिवसभराचं आहे. संध्याकाळच्या आत परत."

"पॉइंट," ताई म्हणाल्या. "कसला पॉइंट?"

"दरीचा. वरून सगळं दिसतं म्हणे."

मग त्या म्हणाल्या, "बरं. सातला खाली उभी राहा. टोपी घे." नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "दोघीच? आणि बोलणार काय?" तेच मलाही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मोकळ्यावर गेलं की सांगता येईल. काय सांगायचं ते मात्र नीट जुळत नव्हतं. माफ करा, सोमवारी मी तुम्हाला विसरले, असं कुणी कुणाला सांगतं का?

उद्यानाच्या दाराशी एक फलक होता, त्यावर हिरव्या रंगात रस्ता काढलेला: साडेतीन किलोमीटर, चढ मध्यम, प्राण्यांना खायला घालू नये. ताईंनी तो फलक परीक्षेचा पेपर वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला. खांद्यावर त्यांची जुनी शाळेची पिशवी, तिच्यात ब्रेड, उकडलेली अंडी, संत्री, पट्टी, आयोडीन. पहिला अर्धा तास झाडीतून सरळ वाट होती आणि त्या पुढे, मी मागे. त्यांच्या पाठीकडे बघत चालायची मला सवय नव्हती. साठीची बाई, पण पाय टाकायच्या त्या एकदोन-एकदोन अशाच. डाव्या कुशीवर शर्ट किंचित ओढला जात होता. तिथे ती चीर आहे, मला माहीत होतं, आणि माझी उजव्या बाजूला, खाली पोटावर. मी पाणी प्याले. चालताना, बाटली वर करून, घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. पाणी असं पिता येतं ह्याची मला अजूनही गंमत वाटते. पायाखाली पाचोळा, त्याचा कोरडा वास, कुठूनतरी ओल्या दगडाचा वास, आणि घशातून खाली उतरत जाणारं ते गार पाणी, थेट कुठे जातं आहे ते ठाऊक असलेलं. ताई, मी मनात म्हटलं. मग वाटलं, हे आता भरपाईसाठी म्हणते आहेस.

अर्ध्या वाटेवर एक लाकडी बाक होता. ताईंनी अंडी सोलली, दोन मला दिली, दोन स्वतः घेतली, टरफलं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. आणि मला एकदम बोलता आलं. सगळं सांगितलं: बाथरूम, तो शब्द, दोन वर्षं, आणि सोमवार. सांगताना मी समोरच्या झाडाच्या सालीकडे बघत होते. संपल्यावर त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचं अंडं हातात तसंच होतं.

"म्हणजे तू दर वेळी," त्या सावकाश म्हणाल्या, "तिथे बसून माझं नाव घेतेस?"

"नाव नाही. ताई म्हणते."

"तिथे बसून."

"हो."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला. मग त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं, अंडं पडू नये म्हणून हात लांब धरून त्या हसत राहिल्या. "अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "माझ्या नावाला दुसरी जागा नाही मिळाली?" आणि मग डोळे पुसत, "विसरलीस ते चांगलं झालं. मी तर कधीच विसरले. मला आठवतं ते पावसाळी हवेत कूस खेचते तेव्हा. देऊन टाकलं, झालं. पाहुण्यासारखं सांभाळत बसू नकोस त्याला. ते आता तिथलंच आहे."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याखाली दुसरं एक होतं, जुनं, आणि दार उघडलंच आहे म्हणून तेही बाहेर आलं. ऑपरेशनच्या आधी आम्हाला एका कमिटीपुढे जावं लागलं होतं. रक्ताचं नातं नाही, त्यामुळे कुणाचा दबाव तर नाही ना हे त्यांना बघायचं होतं. नवऱ्याची साखर वाढलेली, म्हणून तो बाद. आम्हा दोघींना वेगवेगळं बसवलं. मी पाच मिनिटांत बाहेर आले, ताई मात्र वीस मिनिटं आत होत्या. मी त्या बंद दाराकडे बघत बसले होते. का देताय, हे त्यांना विचारलं असणार, आणि त्यांनी काहीतरी सांगितलं असणार, आणि ते मला दोन वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं. भावासाठी, असंच सांगितलं असेल, असं मी धरून चालले होते.

"त्या कमिटीला तुम्ही काय सांगितलंत?"

ताईंनी अंडं खाऊन संपवलं. बोटं पुसली. "दाताचं सांगितलं."

मला काही उलगडेना. त्यांनी वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला, आणि मग लख्ख आठवलं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हतो, कशावरून ते आज सांगता येणार नाही. हॉकीच्या मैदानावर त्यांचा पुढचा दात तुटला. डेंटिस्टने माप पाठवलं ते नेमकं आमच्या लॅबमध्ये, आणि कॅप करायचं काम आलं माझ्याकडे. असं काम आलं की दात सरळ, स्वच्छ, शेजारच्याला शोभेल असा करायचा. पण ताईंचा तो दात सरळ नव्हता. शेजारच्या दातावर तो जरासा चढलेला होता, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. मी घरी जाऊन लग्नाचा अल्बम काढला. सगळ्या फोटोंत त्या तोंड मिटून उभ्या. एका फोटोत मात्र मागे कुठेतरी, कुणाशी तरी बोलताना हसलेल्या. भिंगाखाली तो फोटो धरून मी तीन दिवस त्या दाताकडे बघितलं होतं आणि तो तसाच केला होता, चढलेला, ठिपक्यासकट. कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही कधी काही म्हटलं नाही.

"डेंटिस्ट बिचारा ओशाळला," ताई म्हणाल्या. "म्हणाला, थोडा वाकडा आलाय, परत करायला पाठवतो. मी आरशात बघितलं. माझाच दात, आणि डबीवर तुमच्या लॅबचं नाव. मी त्याला म्हटलं, हात लावायचा नाही." त्या पिशवीची चेन लावत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "घरी येऊन विचार केला, ही माझं तोंड बघायला तयार नाही आणि हिला माझ्या तोंडातला ठिपकासुद्धा माहीत आहे. माझ्या आईलाही नसेल माहीत. तेच सांगितलं त्यांना. सांगायला वेळ लागला, कारण त्यांना काही कळेचना. एक जण म्हणाला, बाई, तुमची तक्रार आहे का दाताबद्दल?"

मी पाण्याची बाटली उचलली. बोलले असते तर रडले असते, आणि ताईंना रडणारी माणसं चालत नाहीत. आम्ही उठलो आणि चालायला लागलो, आणि मला पाय जमिनीला लागतात की नाही ते कळत नव्हतं. चोवीस वर्षं मी समजत होते की त्या दातामागची मेहनत माझी मीच जाणते. आणि तो दात सगळा वेळ त्यांच्या तोंडात बसून, जेवताना, शिट्टी वाजवताना, माझ्याशी भांडतानाही, माझ्या बाजूने बोलत होता. म्हणजे माझ्याकडून त्यांना काही गेलं होतं. माझ्या हातून, लॅबच्या तळघरातल्या ट्यूबलाइटखाली, काहीही मागायचं मनात नसताना.

मग झाडी विरळ व्हायला लागली, वाट उजवीकडे कड्याच्या बाजूला निघाली, आणि ताईंची चाल बदलली. आधी मला ते लक्षातच आलं नाही. त्या पुढे होत्या, मग माझ्या बरोबरीला आल्या, मग मागे पडल्या. वळून बघितलं तर त्या डाव्या हाताने कातळ चाचपत येत होत्या, चेहऱ्यावरचा रंग गेलेला, वरच्या ओठावर घाम. "ताई?" "चल तू," त्या म्हणाल्या, पण आवाज कुणा दुसऱ्याचाच होता. शेवटच्या वळणावर, पॉइंटचा कठडा जेमतेम तीस पावलांवर दिसत असताना, त्या मटकन खाली बसल्या. पाठ कातळाला चिकटवून, गुडघे छातीशी, डोळे मिटून. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. एक किडनी. साठ वर्षांची बाई, एका किडनीवर, मी तिला उन्हातून साडेतीन किलोमीटर चढवून आणलं, का तर मला माझं मन मोकळं करायचं होतं. मी बाटली उघडली, त्यांच्या तोंडाला लावली, नाडी बघितली, ती धडधडत होती. कूस दुखतेय का, चक्कर येतेय का, खाली उतरून कुणाला बोलावू का. बाटलीचं झाकण माझ्या हातांना परत लावता येईना. हे हात दातात केसाएवढीही चूक होऊ देत नाहीत.

ताईंनी डोळे न उघडता मान हलवली. "काही दुखत नाही. मला उंच सहन होत नाही."

"काय?"

"उंचावर. लहानपणापासून. तीस वर्षं पोरांना दोरावर चढवलं, स्वतः खाली उभं राहून शिट्टी वाजवली. कुणाला माहीत नाही."

मला काय झालं ते कळलं नाही. दोन वर्षं आत बसलेली ती दबकी बाई कुठे गेली कोण जाणे. "मग आलात कशाला?" मी म्हटलं, आणि माझा आवाज त्या कातळावर आपटून परत आला. "फोनवर सांगायला काय झालं होतं? पॉइंट म्हटलं मी, दरी म्हटलं. तुमचं सगळं असंच. दुसऱ्याच्या घरातले डबे लावता येतात, स्वतःचं एक वाक्य सांगता येत नाही. माझा जीव जायची वेळ आली इथे. मला वाटलं माझ्यामुळे झालं. आणि ते पडदे मला आवडत नाहीत, एकदा सांगून टाकते, उद्याच काढणार आहे मी ते."

पडदे कुठून आले ते मलाच समजलं नाही. ताईंनी एक डोळा उघडला. तेवढ्यात त्यांच्या गालावर थोडा रंग आला होता. "हिरवे?"

"हिरवे."

"तरी म्हटलं, ही दोन वर्षं गप्प कशी," त्या म्हणाल्या, आणि परत डोळा मिटला. "बरं वाटलं. मला वाटायला लागलं होतं, ऑपरेशनमध्ये जीभ पण काढली की काय तुझी. तू का बोलावतेस ते कळत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर परत कधी बोलावलं नसतंस. म्हणून आले. आता तू पुढे जा, बघून ये, आणि मला सांग. मी इथे बसते."

मी पुढे गेले. कठड्याशी तीन-चार माणसं होती, फोटो काढून निघायच्या बेतात. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. माझे डोळे वीतभर अंतरावर जगलेले आहेत, समोर इतकं सगळं एकदम आलं की ते भांबावतात. नुसता हिरवा, निळा, उजेड. मग मी कामावर करते तेच केलं, एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. खाली नदी, तिला दोन वळणं. दुसऱ्या वळणाशी एक पत्र्याचं छप्पर, उन्हात चमकणारं. एका ढगाची सावली डोंगरावरून उतरत होती, आणि माझ्या पायांच्या खूप खाली दोन पक्षी फिरत होते, त्यांच्या पाठी दिसत होत्या. पक्ष्याची पाठ मी कधी पाहिली नव्हती. मी श्वास घेतला, पुरता, पोटापर्यंत. बरी आहे मी, असं आतून आलं. इथे उभी आहे. तहान लागली तर पाणी पिणार आहे.

परत येऊन ताईंशेजारी बसले आणि सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, तोंडी परीक्षा घेतात तशा. "नदीला पाणी किती?" त्यांनी विचारलं. ते मी बघितलं नव्हतं. उठून परत गेले. अर्धं पात्र कोरडं होतं, मधे दगड. येऊन सांगितलं. "आणि ते छप्पर, त्याच्याजवळ माणूसबिणूस?" पुन्हा गेले. माणूस नव्हता, पण वाळत घातलेले कपडे होते, एक लाल, बाकी पांढरे. "पलीकडच्या डोंगरावर रस्ता आहे का?" तिसऱ्यांदा गेले. रस्ता होता, बारीक, मेणावर नखाने ओढल्यासारखा, आणि त्याच्यावरून काहीतरी हळूहळू सरकत होतं. ते डोंगरामागे जाईपर्यंत मी थांबले, म्हणजे सगळं सांगता येईल.

तिसऱ्यांदा वळले तेव्हा ताई त्या जागी नव्हत्या. मग दिसल्या: जमिनीवर बसल्या बसल्या, पाठ कातळावरून ढळू न देता, दोन्ही तळवे टेकत, त्या चार-पाच पावलं पुढे सरकल्या होत्या. वळणाचा दगड जिथे संपतो तिथवर. मी धावत गेले नाही. धावले असते तर त्या थांबल्या असत्या. जवळ जाऊन, त्यांच्या आणि दरीच्या मधे, बाहेरच्या बाजूला बसले. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली, आणि डोळे उघडले. तिथून दरी सगळी दिसत नव्हती. दगड आणि एक झुडूप यांच्यामधून एक पट्टा तेवढा दिसत होता, हातभर रुंद: थोडी नदी, थोडा डोंगर, आणि त्या डोंगरावरून उतरणारी सावली.

"लाल कपडा कुठे आहे?" ताईंनी विचारलं.

"तो इथून नाही दिसत."

"असू दे."

किती वेळ बसलो ते मी बघितलं नाही. त्यांचा श्वास हळूहळू माझ्या श्वासाच्या चालीवर आला, किंवा माझा त्यांच्या. मनगट दुखत होतं आणि मला ते सोडवून घ्यावंसं वाटत नव्हतं. खालून एक जोडपं चढून आलं, तरुण, धापा टाकत. आमचे पाय ओलांडताना त्यातली मुलगी थांबली आणि चांगुलपणाने म्हणाली, "मावशी, इथे का बसलात? अजून थोडं पुढे गेलं की सगळं दिसतं."

मी काही म्हणायच्या आत ताईंनी समोरची नजर न काढता उत्तर दिलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "आम्हाला इथून दिसतंय."